७ एमएम पीआरसी : लांब पल्ल्याच्या मोठ्या शिकारीसाठी एक काडतूस

लांब पल्ल्यावरून मोठ्या जनावराची शिकार करण्यासाठी कोणते काडतूस घ्यावे, ही चर्चा बहुतेक वेळा रायफलीच्या नळीच्या तोंडापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. गोळी किती वेगाने सुटते, पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, दारू किती मावते, ऊर्जेचा आकडा किती मोठा आहे, एवढ्यावरच सगळा वाद रंगतो. माझ्या मते हा हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडायला हवा. गोळी जनावरापर्यंत पोहोचेल तेव्हा तिचा वेग किती उरला असेल, तेवढ्या वेगाला ती फुलेल का, म्हणजे तिचा पुढचा भाग पसरेल का, वाटेत वाऱ्याने तिला किती सरकवले असेल, आणि हे साधण्यासाठी बसणारा धक्का नेमबाजाला न बिचकता सोसवेल का, हे प्रश्न आधी सोडवले की काडतुसांची लांबलचक यादी झपाट्याने आटते. याच कसोटीवर हॉर्नडी कंपनीच्या ७ एमएम पीआरसी (प्रिसिजन रायफल कार्ट्रिज) या काडतुसाचे, विशेषतः त्याच्या ‘प्रिसिजन हंटर’ मालिकेतील १७५ ग्रेन वजनाच्या, ईएलडी-एक्स नावाच्या शिकारी गोळीचे परीक्षण येथे केले आहे. लांब पल्ला म्हणजे येथे ४०० ते ७०० यार्ड, आणि मोठे जनावर म्हणजे एल्क हे उत्तर अमेरिकेतले मोठे हरीण किंवा त्याच्या आसपासच्या वजनाचे हरीण, असे धरले आहे.

हे काडतूस २०२२ मध्ये बाजारात आले. त्याच्या आधी हॉर्नडीची ६.५ पीआरसी आणि .३०० पीआरसी ही दोन काडतुसे आलेली होती, त्यामुळे मधली जागा कधीतरी भरली जाणार हे उघड होते. तरीही पहिला प्रश्न रास्त आहे. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ पासून आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ पासून हेच काम करत असताना आणखी एका काडतुसाची गरज काय? याचे उत्तर वेगाच्या आकड्यात सापडत नाही. ते गोळीच्या लांबीत आणि गोळीला फिरवणाऱ्या, नळीच्या आतल्या खाचांच्या पिळात सापडते.

काडतूस हातात घेऊन पाहिले तर ही गोष्ट लगेच दिसते. पुंगळीचा खांदा, म्हणजे ती मानेकडे अरुंद होते तो भाग, मागे ओढलेला आहे, मान पुरेशी लांब आहे, आणि तिच्यातून लाल टोकाची सडपातळ गोळी बरीच बाहेर आलेली आहे. संपूर्ण काडतुसाची कमाल लांबी ३.३४० इंच असली तरी पुंगळी स्वतः फक्त २.२८० इंचांची आहे, म्हणजे इंचाहून अधिक जागा गोळीच्या बाहेर राहणाऱ्या भागासाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. यामुळे लांब गोळीचा मागचा भाग दारूच्या जागेत खोलवर शिरत नाही. .३०० विंचेस्टर मॅग्नमची कमाल लांबीही ३.३४० इंचच आहे, पण तिची पुंगळी लांब आणि मान जेमतेम पाव इंचाची आहे, त्यामुळे तीत आजच्या लांब गोळ्या बसवताना त्या खाली दाबाव्या लागतात. ती रचना तिच्या काळातल्या गोळ्यांसाठी उत्तम होती. गोळ्या बदलल्या, पुंगळी मात्र तशीच राहिली.

दुसरा फरक तळाशी आहे. जुन्या मॅग्नम काडतुसांच्या तळाशी धातूचा एक जाड पट्टा असतो. तो १९१२ च्या .३७५ एच अँड एचकडून वारशाने आला. त्या काडतुसाची पुंगळी निमुळती आणि खांदा उतरता असल्यामुळे चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत, ते नेमके कुठे टेकावे हे ठरवण्यासाठी पट्ट्याची खरोखरच गरज होती. ठळक खांदा असलेल्या काडतुसांना ती गरज उरली नाही, तरी पट्टा मात्र चिकटून राहिला. ७ एमएम पीआरसीची पुंगळी .३७५ रूगरच्या घराण्यातली, बिनपट्ट्याची आहे आणि ती खांद्यावर टेकते. ज्यांना वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या असतात त्यांना याचा विशेष उपयोग होतो, कारण पट्ट्याच्या लगत वर फुगणाऱ्या पितळेची कटकट राहत नाही. केवळ तयार काडतुसे वापरणाऱ्याला हा फरक क्वचितच जाणवेल.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा फरक पिळाचा आहे. या काडतुसाच्या प्रमाणित नळीत गोळी दर ८ इंचांना एक पूर्ण फेरा घेते. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमच्या जुन्या नळ्यांमध्ये हा पीळ साडेनऊ इंचांचा असतो. गोळी जितकी लांब तितकी ती हवेत सरळ राहण्यासाठी अधिक वेगाने फिरावी लागते, आणि हवेचा विरोध कमी करायचा असेल तर गोळी लांब व सडपातळ करावीच लागते. म्हणजे जुन्या रायफलीची मर्यादा तिच्या दारूत नव्हती, तिच्या नळीच्या पिळात होती. काही शिकारी जुन्या रायफलीला नवी, जलद पिळाची नळी बसवून घेतात आणि ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नममधून जवळजवळ हाच परिणाम साधतात. तो मार्ग पूर्णपणे योग्य आहे. नवीन काडतुसाने मात्र हे सगळे कारखान्यातूनच जुळवून दिले आहे, म्हणजे पेटीवर ७ एमएम पीआरसी असे लिहिलेली गोळी आणि त्याच नावाची रायफल एकमेकींसाठी घडवलेल्या आहेत, एवढी खात्री खरेदीदाराला मिळते.

आता आकडे पाहू. कंपनीच्या माहितीनुसार १७५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची ईएलडी-एक्स गोळी २४ इंची नळीतून सेकंदाला ३००० फूट वेगाने सुटते. ५०० यार्डांवर तिचा वेग सुमारे २३०० फूट आणि ऊर्जा २००० फूट-पाउंडांच्या थोडी वर उरते. तुलनेसाठी ६.५ क्रीडमूर या लहान काडतुसाची १४३ ग्रेनची त्याच जातीची गोळी २७०० फुटांनी सुटते आणि ५०० यार्डांवर सुमारे २०३० फूट वेग व १३०० फूट-पाउंड ऊर्जा राखते. समुद्रसपाटीच्या हवेचा हिशेब धरून पुढे गेल्यास ७०० यार्डांवर क्रीडमूरची गोळी १८०० फुटांच्या आसपास येते, तर ७ एमएम पीआरसीची गोळी त्या वेगापर्यंत उतरायला आणखी सुमारे दोनशे यार्ड घेते. उंच डोंगराळ भागात हवा विरळ असल्याने दोन्ही गोळ्या यापेक्षा बऱ्या वागतात, पण त्यांच्यातले अंतर साधारण तेच राहते.

मोठ्या हरणासाठी किमान १५०० आणि लहान हरणासाठी १००० फूट-पाउंड ऊर्जा हवी, असा एक जुना ठोकताळा शिकाऱ्यांमध्ये प्रचलित आहे. मी त्याला फारसे महत्त्व देत नाही, कारण जनावर ऊर्जेच्या आकड्याने पडत नाही. गोळीने हृदय आणि फुफ्फुसांच्या भागात किती रुंद व किती खोल जखम केली, यावर सगळे अवलंबून असते. शिशाचा गाभा असलेली गोळी लागताच तिचा पुढचा भाग छत्रीसारखा पसरतो. वेग पुरेसा नसेल तर तो पसरत नाही, गोळी पेन्सिलीएवढे भोक पाडून आरपार जाते, आणि जनावर जखमी अवस्थेत दूर निघून जाते. म्हणून ऊर्जेपेक्षा फुलण्याचा किमान वेग हा अधिक प्रामाणिक मापदंड आहे. ईएलडी-एक्सबाबत मी स्वतः १८०० फुटांच्या खाली विसंबून राहणार नाही. या मापाने ७०० यार्डांपर्यंत ७ एमएम पीआरसीकडे भरपूर शिल्लक राहते, आणि क्रीडमूर तिथे अगदी काठावर येऊन थांबते.

याच गोळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण जाहिरातीत ती झाकली जाते. लांबवर हलक्या धडकेत फुलेल अशी गोळी बनवायची तर ती मऊ ठेवावी लागते, आणि तीच मऊ गोळी साठ यार्डांवरून जवळजवळ पूर्ण वेगाने खांद्याच्या हाडावर बसली तर ती फार लवकर फुटते. कंपनी स्वतःच सांगते की ४०० यार्डांच्या आतल्या वेगवान धडकेत या गोळीचे निम्म्याहून थोडेच अधिक वजन शिल्लक राहते आणि त्यापलीकडे मात्र बहुतांश वजन टिकते. दाट जंगलात अचानक समोर आलेल्या एल्कच्या खांद्यावर ती झाडणे मला मान्य नाही. अशा वेळी बरगड्यांच्या मागच्या बाजूने फुफ्फुसांचा नेम धरावा, किंवा जिथे जवळच्या संधीच अधिक येतात तिथे त्याच काडतुसातील १६० ग्रेनची, पूर्ण तांब्याची सीएक्स गोळी वापरावी. तांब्याची गोळी हाडाला जुमानत नाही आणि आपले वजन राखते. तिची अडचण उलटी आहे, म्हणजे तिला फुलण्यासाठी अधिक वेग लागतो, त्यामुळे तिचा पल्ला आखूड धरावा लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्याच वापरणे बंधनकारक आहे, आणि असा नियम जिथे असेल तिथे हा पर्याय निवडीचा न राहता सक्तीचा होतो. याच काडतुसात १८० ग्रेनची ईएलडी मॅच गोळीही मिळते आणि तिचा हवेतला प्रवास ईएलडी-एक्सपेक्षाही सरस आहे. ती लक्ष्यावर छिद्रे पाडण्यासाठी घडवलेली आहे, जनावरासाठी नव्हे. केवळ आकडा चांगला म्हणून ती शिकारीला नेणे मला गैर वाटते.

वाऱ्याचा मुद्दा मात्र सविस्तर मांडायला हवा, कारण लांब पल्ल्याच्या नेमबाजीत खरी परीक्षा तिथेच होते. गोळी किती खाली येणार हा आता गणिताचा प्रश्न उरला आहे. लेझर रेंजफाइंडरने अंतर कळते, तक्त्यावरून स्कोपचे, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीचे, किती टिचके फिरवायचे ते कळते, आणि उत्तर दर वेळी तेच येते. वारा असा मोजता येत नाही. नेमबाजाच्या गालावर लागणारा वारा, मधल्या घळीतून वर चढणारा वारा आणि जनावराजवळचे गवत वाकवणारा वारा हे तीन वेगळे वारे असू शकतात, आणि गोळी त्या तिन्हींतून जाते. बाजूने ताशी १० मैलांचा सलग वारा असेल तर ५०० यार्डांवर ७ एमएम पीआरसीची १७५ ग्रेनची गोळी माझ्या हिशेबाने साधारण १२ इंच सरकते, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमची १६२ ग्रेनची ईएलडी-एक्स १४ इंचांच्या जवळ जाते, आणि ६.५ क्रीडमूरची १५ इंच. ७०० यार्डांवर पीआरसी व क्रीडमूर यांचे आकडे सुमारे २५ आणि ३१ इंच होतात.

हे अंतर मोठे वाटते, पण येथे थांबून विचार करायला हवा. पूर्ण वारा कोणी दुर्लक्षित करत नाही. चूक होते ती अंदाजात. समजा ७०० यार्डांवर नेमबाजाने वारा ताशी तीन मैलांनी चुकीचा धरला, आणि अशी चूक अनुभवी माणसाकडूनही सहज होते, तर पीआरसीची गोळी साडेसात इंच आणि क्रीडमूरची सव्वानऊ इंच बाजूला पडेल. एल्कचा हृदय-फुफ्फुसांचा भाग सुमारे १४ ते १६ इंचांचा असतो. त्याच्या मध्यावर नेम असेल तर पीआरसीची गोळी अगदी कडेला लागेल आणि क्रीडमूरची बाहेर जाईल. म्हणजे काडतुसाने वाऱ्याची जी सूट मिळवून दिली ती जेमतेम दोन इंचांची. ती खरी आहे, उपयोगी आहे आणि कधी निर्णायकही ठरेल. पण ५०० यार्डांवर हीच तीन मैलांची चूक पीआरसीला साधारण साडेतीन इंचच भोवते. जनावराच्या दोनशे यार्ड जवळ जाण्याने जे मिळते, त्याच्या निम्मेही काडतूस बदलून मिळत नाही.

उड्डाणाच्या वेळेबाबतही असेच आहे. ७०० यार्ड पार करायला या गोळीला सेकंदाच्या आठ दशांशांहून अधिक वेळ लागतो. चरता चरता जनावराने त्या अवधीत एक पाऊल टाकले तर काळजीपूर्वक धरलेला नेम पोटावर जाऊन बसतो, आणि पोटात लागलेली गोळी म्हणजे त्या जीवाला तासन्‌तास यातना. बाजारातले कोणतेही काडतूस हा अवधी अर्ध्यावर आणू शकत नाही. म्हणून जनावर स्थिर उभे नसेल, किंवा ते पुढच्या क्षणी हलेल अशी किंचितही शंका असेल, तर त्या अंतरावर चाप ओढूच नये, असे माझे ठाम मत आहे.

धक्क्याविषयी खरेदीच्या वेळी फार कमी बोलले जाते. आठ पाउंडांच्या रायफलीत ७ एमएम पीआरसीचा धक्का गणिताने साधारण २५ फूट-पाउंड येतो. क्रीडमूरचा त्याच्या निम्मा, .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २०० ग्रेनच्या गोळीने थोडा जास्त, आणि .३०० पीआरसीचा जवळजवळ एक-तृतीयांशाने अधिक. खांदा दुखणे ही यातली खरी अडचण नव्हे. क्रीडमूरची गोळी झाडल्यावर स्कोपमधले चित्र हलते पण हरवत नाही, गोळी कुठे लागली ते नेमबाजाला स्वतःला दिसते आणि दुसरी गोळी झाडायची की नाही हे तो लगेच ठरवू शकतो. ७ एमएम पीआरसीत नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे वायू वळवून धक्का कमी करणारा भाग, नसेल तर स्कोपमध्ये क्षणभर फक्त आभाळ किंवा गवत दिसते, आणि चित्र परत जागेवर येईपर्यंत जनावर झुडपाआड गेलेले असू शकते. ब्रेक लावला की धक्का बराच उतरतो, पण आवाजाचा लोट बाजूला आणि मागे वळतो. शेजारी झोपून दुर्बिणीतून पाहणाऱ्या सोबत्याच्या कानांना त्याचा खरा त्रास होतो, म्हणून दोघांनीही कानांचे संरक्षण केल्याशिवाय ब्रेकची रायफल वापरू नये. कायद्याने परवानगी असेल तिथे सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारे नळकांडे, हा अधिक चांगला उपाय आहे. मात्र सप्रेसरमुळे लांबी वाढू नये म्हणून नळी २० किंवा २२ इंचांवर आणली, तर दर इंचामागे साधारण २० ते ३० फूट वेग जातो हे लक्षात ठेवून आकडे पुन्हा मांडावे लागतात.

.३०० पीआरसी हे ताकदीच्या बाबतीत वरचढ काडतूस आहे यात वाद नाही. त्याची २१२ ग्रेनची गोळी अधिक रुंद जखम करते, आणि मूससारख्या महाकाय हरणासाठी किंवा मोठ्या अस्वलासाठी मी तेच निवडेन. पण त्याची कमाल लांबी ३.७०० इंच असल्याने ते लांब ॲक्शनच्या (लांब काडतुसांसाठीच्या यंत्रणेच्या) अनेक नेहमीच्या रायफलींच्या मॅगझिनमध्ये मावत नाही, रायफल जड घ्यावी लागते आणि सरावाला बसल्यावर नेमबाज लवकर थकतो. ६.५ पीआरसी हे धक्का आणि पल्ला यांचा सुंदर मेळ घालणारे काडतूस असून केवळ लहान हरणांची शिकार करणाऱ्याला त्यापुढे जाण्याचे कारण नाही. २८ नोसलरसारखी आणखी वेगवान काडतुसे मला आकर्षक वाटत नाहीत, कारण थोड्या जादा वेगासाठी ती नळीच्या घशाची, म्हणजे गोळी नळीत शिरते त्या सुरुवातीच्या भागाची, फार लवकर झीज करतात आणि नळी झिजेल या भीतीने माणूस सरावच टाळू लागतो. ७ एमएम पीआरसीची नळीही क्रीडमूरइतकी टिकणार नाही. थोड्याच अधिक रुंदीच्या भोकातून बऱ्याच अधिक दारूचा तप्त वायू गेला की हे होणारच. तरीही शिकारीच्या वापरात, थोडा सराव धरून, ती वर्षानुवर्षे पुरते.

ज्याच्याकडे चांगली चालणारी ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आहे त्याने ती विकून हे काडतूस घेऊ नये. ५०० यार्डांवर वाऱ्यात दीड-दोन इंचांचा फरक पडतो, आणि त्या पैशांची काडतुसे घेऊन वाऱ्यात सराव केला तर त्याहून कितीतरी अधिक पदरात पडते. शिवाय जुन्या काडतुसाच्या पेट्या आडगावच्या दुकानातही मिळतात, जे नव्याबद्दल अजून तितक्या खात्रीने म्हणता येत नाही. सामान प्रवासात हरवले आणि शिकारीच्या जागेजवळ काडतुसे विकत घ्यायची वेळ आली, तर हा मुद्दा इतर सर्व मुद्द्यांवर मात करतो. जो पहिल्यांदाच एल्कसाठी रायफल घेत आहे, ५०० यार्डांपलीकडे नियमित सराव करणार आहे आणि स्वतः काडतुसे भरणार नाही, त्याला मात्र मी आज नि:संकोचपणे ७ एमएम पीआरसी सुचवेन. तीस कॅलिबरच्या (.३०० नावांच्या) मॅग्नमची पोहोच त्याहून कमी धक्क्यात देणारे आणि लांब गोळीसाठी मुळापासून आखलेले असे दुसरे तयार काडतूस मला दिसत नाही.

खरेदी करताना एकाच लॉट क्रमांकाच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, पेट्या घ्याव्यात आणि पेटीवरचा ३००० फुटांचा आकडा आपल्या नळीतून निघतो का, हे क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पाहून घ्यावे. दोन रायफलींमध्ये पन्नास फुटांचा फरक सहज पडतो, आणि ७०० यार्डांवर तेवढ्याने गोळी वर-खाली होण्यात कित्येक इंचांची तफावत येते. स्वतःच्या रायफलीचा वेग मोजून तक्ता केल्यावर तो तक्ता ३००, ५०० आणि ७०० यार्डांवर प्रत्यक्ष गोळी झाडून ताडावा. त्यातही थंड नळीतून झाडलेली पहिली गोळी कुठे बसते याची वेगळी नोंद ठेवावी, कारण जनावरावर जाणारी पहिली गोळी नेहमी थंड नळीतूनच सुटते.